पाहुणे आणि पटावरची पोरं

मध्य प्रदेशात सरकारी शिक्षकाची जागा रिकामी राहिली की अतिथी शिक्षक येतो. अशी तात्पुरती सोय राज्याने आधीपासूनच जपली आहे. १९९७ च्या शिक्षण हमी योजनेत गावाने शाळा मागितली की ९० दिवसांत मानधनावरचा गुरुजी द्यायचा, असा वायदा होता. पुढे संविदा, म्हणजे कंत्राटी, शिक्षक आले, मग अतिथी. पदनामे बदलली, तात्पुरतेपणा तेवढा कायम झाला. अतिथींना कायम करायचे, तर अप्रशिक्षिताच्या हाती मुले द्यायची का, हा आक्षेप रास्तच. पण कित्येक अतिथी बीएड आहेत. शिवाय अपात्रांना पात्र करण्यासाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिलेली ५ वर्षे पुरली नाहीत म्हणून संसदेनेच २०१७ मध्ये मुदत मार्च २०१९ पर्यंत वाढवली. पुरवणी परीक्षेला सरकारच बसले होते! तिजोरीत पैसा नाही म्हणावे, तर सप्टेंबर २०२३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, वर्ग एक श्रेणीतल्या अतिथींचे मासिक मानधन ९,००० वरून १८,००० करण्याची घोषणा झाली. पुढच्याच सप्टेंबरात, कायम करण्याच्या मागणीवर, शालेय शिक्षणमंत्र्यांनी विचारले, पाहुणे म्हणून आलात तर घर बळकावणार का? बिनतोड सवाल. फक्त या घरात स्वयंपाक पाहुण्याने करायचा असतो आणि दर सत्राला आमंत्रणाची वाटही त्यानेच पाहायची असते.