तिआऊच्या पलीकडचे सोयरे

ऐझॉलला जायचं तर आपल्याला परवाना काढावा लागतो. भारतातल्या भारतात. 1873 मध्ये इंग्रजांनी आखलेली ‘इनर लाइन’ मिझोरमच्या वेशीवर अजून आहे. आपल्याकडचे पर्यटक त्यावर कुरकुरतात. मला ती रेषा पटते. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या राज्यात जेमतेम 11 लाख माणसं होती. एवढ्यांची जमीन आणि भाषा बाहेरचा लोंढा एका पिढीत गिळून टाकेल.

हेच मिझो पूर्वेचं दार मात्र लावू देत नाहीत. तिआऊ नदी ओलांडली की म्यानमार, आणि तिथले चिन लोक म्हणजे त्यांच्या रक्ताची माणसं. मेलेल्यांचे आत्मे रिह दिल तळ्यावरून पुढच्या गावी जातात, ही मिझोंची जुनी श्रद्धा. ते तळंही पलीकडेच! फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसं जीव घेऊन नदीपार आली. दिल्लीने सांगितलं, अडवा. मिझोरमने तीस हजारांहून जास्त लोकांना ठेवून घेतलं. गावांनी, चर्चनी, तरुणांच्या संघटनांनी त्यांची सोय लावली. कागदपत्रं आहेत का, हे विचारत कुणी बसलं नाही.

2024 मध्ये केंद्राने म्यानमारलगतच्या 1,643 किलोमीटर सीमेला कुंपण घालायचं जाहीर केलं. सीमेवरच्या लोकांना व्हिसाशिवाय 16 किलोमीटरपर्यंत जाण्या-येण्याची मुभा होती, तीही आवळली. मिझोरमच्या विधानसभेने विरोधाचा ठराव केला. सीमेवरच्या झोखावथार गावाच्या वाटेने अमली पदार्थ येतात, हे खरं आहे. मग गाड्या तपासा, पोती उसवा, नाक्यावर माणसं वाढवा. बहिणीच्या मयताला निघालेल्या म्हातारीसमोर काटेरी तार कशासाठी?

दिल्लीला हे विचारतो, तसं मिझोरमलाही एक विचारायचं आहे. 1997 मध्ये तिथल्या वांशिक हिंसेतून ब्रू जमातीचे हजारो लोक पळाले आणि वीसहून अधिक वर्षं त्रिपुरातल्या छावण्यांत राहिले. ते परक्या देशातले नव्हते, याच राज्यातले होते. चिन निर्वासितांना ज्या मायेने घरात घेतलं, ती यांच्या वाट्याला का आली नाही? 2020 च्या करारात त्यांना कायमचं घर मिळालं. तेही त्रिपुरातच.