गडावरची कॉफी: साधन, साध्य आणि सांडशी

सह्याद्रीतले किल्ले, सुळके, घाटवाटा यांतलं फारसं काही मराठी भटक्यांनी आता सोडलेलं नाही. एक मोहीम तेवढी अपुरी आहे: मुक्कामाच्या जागी पिण्याजोगी कॉफी करणं. पहाटे साडेपाचला कानटोप्या घातलेल्या मंडळींमध्ये जो काळपट, कडवट द्रव पेल्यापेल्यातून फिरवला जातो, त्याला कॉफी म्हणणं हा निव्वळ सौजन्याचा भाग आहे. तो प्यायल्यावर होणारी तोंडं पाहून जाणकार लगेच निदान करतात की सामान कमी पडलं. मग पुढच्या ट्रेकला कुणी इटालियन भांडं आणतो, कुणी सायकलच्या पंपासारखं दिसणारं प्लास्टिकचं नळकांडं आणतो, आणि कॉफी व्हायची तशीच होते. या लेखाचं म्हणणं असं की दोष सामानाचा नाही, हाताचा आहे. हात आपला, पण त्याला वळण चहाचं.

चहा करताना आपण आधण ठेवतो, साखर आणि ठेचलेलं आलं टाकतो, पावडर पडली की दोन कढ येऊ देतो, दूध ओततो आणि आणखी एक कढ काढतो. रंग चढत नाही तोवर भांडं उतरवायचं नाही, हे आपल्याला अक्षरओळख होण्याआधी कळलेलं असतं. आपल्या चहाला ते मानवतंही. गोळीदार पावडर, भरपूर दूध आणि त्याहून भरपूर साखर असा बंदोबस्त असताना उकळून निघालेला तुरटपणा कुणाला टोचत नाही. उलट ‘कडक’ म्हणून त्याला दाद मिळते. कॉफीचं गणित निराळं. भाजलेल्या बीच्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. पण १८ ते २२ टक्के उतरला की थांबावं, कारण आधी उतरतो आंबटपणा, मग गोडवा, आणि कडू द्रव्यं येतात सगळ्यात शेवटी. भांडं आचेवर खदखदत ठेवणं म्हणजे या शेवटच्या मंडळींना हाताला धरून पंगतीत बसवणं. शिवाय सुगंध वाफेवर स्वार होऊन निघून जातो. कॉफी उकळायला लागली की मुक्कामाच्या जागी सुरेख दरवळ सुटतो आणि सगळे खूश होतात. दरवळ बाहेर आला म्हणजे पेल्यातला गेला, एवढा साधा हिशेब त्या थंडीत कुणाला सुचत नाही.

आता सह्याद्रीची साक्ष काढू, कारण या खटल्यात मुख्य साक्षीदार तोच आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं, आणि जसजसं वर जावं तसतसं दर ३०० मीटरमागे साधारण एक अंश आधी उकळतं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिथे उकळी ९४-९५ अंशांच्या आसपास फुटते. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. तिथे ९५च्या किंचित वर. आणि कॉफीसाठी पाण्याचं जे उत्तम तापमान मानलं जातं, ते आहे ९० ते ९६ अंश! दादरच्या किंवा डोंबिवलीच्या ओट्यावर उकळी आल्यावर पाणी थोडं निवायची वाट पाहावी लागते. कळसूबाईवर ती वाट निसर्गाने आपल्या वतीने आधीच पाहून ठेवलेली आहे. हिमालयात मात्र गणित पुन्हा बिघडतं. एव्हरेस्टचा बेसकॅम्प ५३६४ मीटरवर. तिथलं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळ्या फोडून मोकळं होतं, म्हणून पूड बारीक घ्यावी आणि वेळ वाढवावा. (मराठी माणूस हल्ली तिथेही भेटतो म्हणून सांगून ठेवलं.) राहता राहिला वंशावळीचा मुद्दा. याच डोंगररांगेच्या दक्षिणेकडे, चिकमगळूरजवळच्या डोंगरात, बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनमधल्या मोख्याहून आणलेल्या सात बिया रुजवल्या, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. आज देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. आपल्याकडेही मेळघाटात, गाविलगडाच्या शेजारी चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे. तो सातपुडा आहे, पण डोंगर डोंगराला परका नसतो. तेव्हा गडावर पाहुणा कोण आणि घरचा कोण, याचा निवाडा करताना टपरीचं दडपण थोडं बाजूला ठेवावं.

पहिला आक्षेप आरोग्यखात्याकडून येतो: टाक्यातलं पाणी उकळलं नाही तर दुसऱ्या दिवशीचा ट्रेक झाडाझुडपांच्या आडोशाने करावा लागेल. बरोबर आहे. पाणी फडक्याने गाळावं आणि पूर्ण एक मिनिट खळखळून उकळू द्यावं. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. उकळायचं ते पाणी. कॉफी त्यानंतर. दुसरा आक्षेप भावनिक असतो: आमच्या घरी कॉफी दुधातच उकळतात, वर जायफळ किसतात, आणि तीन पिढ्यांत कुणी तक्रार केलेली नाही. करणार कशी? जायफळाची कॉफी हा अतिशय उत्तम दुधाचा प्रकार आहे. त्यात कॉफी लग्नातल्या लांबच्या काकांसारखी असते. नाव पत्रिकेत, काम काही नाही. शिवाय जायफळाने झोप येते असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात, आणि पहाटे बालेकिल्ला चढायचा असताना हा प्रयोग करण्यात हशील नाही. तिसरा आक्षेप वाचलेल्या लोकांचा: तुर्क उकळतातच की! तुर्कांची पूड मैद्याइतकी बारीक असते, आणि फेस काठाशी वर आला रे आला की ते भांडं उचलतात. त्याला उकळणं म्हणायचं तर दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला तुर्क म्हणावं लागेल.

तर कृती. पूड जाड रव्याइतकी हवी. माटुंग्याच्या दुकानात किंवा जिथे कुठे कॉफी दळून मिळते तिथे ‘फिल्टरची’ म्हणून मागितलीत की बारीक पूड मिळेल आणि पेल्यात चिखल होईल. ‘जाडसर द्या’ एवढंच म्हणावं, आणि चिकोरी नको हे त्याच दमात सांगावं. चिकोरी ही भाजलेली मुळी. ती पाण्याला झटक्यात काळं करते, आणि रंग आला म्हणजे चव आली असं मानणाऱ्या आपल्या चहाबाज डोळ्यांना हमखास फसवते. प्रमाण लिटरला ६० ग्रॅम. चौघांना दीड-दीडशे मिलिलिटर द्यायची तर ४० ग्रॅम पूड आणि जवळपास ७०० मिलिलिटर पाणी, कारण पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी स्वतःच पिऊन बसते. ४० ग्रॅम म्हणजे सात-आठ सपाट मोठे चमचे. इथे बहुतेकांचा हात आखडतो. चौघांत दोन चमचे टाकून मग ‘उतरत नाही’ म्हणून उकळत बसणं, हेच सगळ्या अनर्थाचं मूळ आहे. म्हणून घरीच वजन करून ४० ग्रॅमची एकेक पुडी बांधावी, आणि गडावर निर्णय घेण्याची संधी कुणालाही देऊ नये.

पाणी उकळलं की टोप सांडशीने उचलून सपाट दगडावर ठेवावा. सांडशी आणली नसेल तर इथून पुढचं वाचू नये. स्टोव्ह बंद करावा, नुसता बारीक करून ठेवू नये, कारण आच दिसली की कुणीतरी टोप पुन्हा वर ठेवतोच. पुडी एकदम पाण्यात ओतावी, सगळी पूड भिजेल इतपत एकदा ढवळावं आणि झाकण घालावं. गडावरचं वारं पातळ ॲल्युमिनियमच्या टोपाची ऊब दोन मिनिटांत पळवतं; म्हणून त्याला लोकरीची कानटोपी घालावी, कानांसकट. टोपी कुणाची, हा प्रश्न मोहिमेच्या नेत्याने आधी सोडवलेला असावा. आता चार मिनिटं काहीच करायचं नाही. मराठी माणसाला कॉफीतला हाच भाग सर्वांत अवघड जातो. चार मिनिटांनी झाकण काढलं की वर सायीसारखा जाड, तपकिरी थर दिसतो. पूड ताजी असेल तर तो पुरीसारखा टम्म फुगलेला असतो आणि त्याच्या कडेने बारीक बुडबुडे फुटत असतात. चमच्याच्या पाठीने हा थर तीन ठिकाणी मोडावा. रवाळ पूड गिरक्या घेत खाली बसायला लागते, वर नुसता फेस उरतो. तो चमच्याने काढून टाकावा. मग गार पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. ही अमेरिकेतल्या गुराख्यांची जुनी युक्ती. तिने गाळ खरंच लवकर बसतो की ओतणाऱ्याला आणखी एक मिनिट थांबवण्यासाठीच ती आहे, यावर वाद घालता येईल, पण ते मिनिट उपयोगी पडतं. शेवटी टोप न हिंदकळता, धार तुटू न देता, पेल्यांत ओतावं. कागद नाही, दट्ट्या नाही, नळकांडं नाही.

इन्स्टंटवाले एव्हाना अस्वस्थ झाले असतील. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. नेसकॅफे १९३८ साली बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातून जगभर पोचली. खंदकात चालली ती खिंडीत चालायला हरकत नसावी. तिचा खरा गुण असा की ती आपल्या हाताने बिघडत नाही. जे काही व्हायचं ते कारखान्यात होऊन गेलेलं असतं. मुसळधार पावसात, तंबूच्या दारात मांडी घालून बसलेला एकटा माणूस तिचा पेला हातात घेत असेल तर त्याला शास्त्र सांगू नये. पण पाठीवर तीन किलोचा तंबू, दोन किलोचा कॅमेरा आणि वर्षभराची सुट्टी साठवून आलेल्या सहा जणांनी चार मिनिटं वाचवण्यासाठी ती प्यावी, यात मला काटकसर दिसत नाही. तयार कॉफीचा इतिहास त्याहूनही मागे जातो: ग्लासगोमध्ये १८७६ साली ‘कॅम्प कॉफी’ नावाचा अर्क बाटलीत भरून विकायला आला. बाटलीवर चित्र हिंदुस्थानातल्या लष्करी तंबूचं, साहेबाच्या दिमतीला शीख सेवक, आणि आत कॉफीपेक्षा चिकोरी जास्त. छावणीच्या नावाखाली काय खपतं याची कल्पना तेव्हापासून सगळ्यांना आहे. इटालियन मोका भांडं (१९३३) आणि नळकांड्यासारखं एअरोप्रेस (२००५) ही दोन्ही साधनं मात्र गुणी आहेत. ज्याला पाणी उतरवून थांबता येतं त्याच्या हातात ती उत्तम कॉफी देतात. त्याला ती लागतातच असं नाही, ही त्यांची अडचण.

दूध हवंच असेल तर पायथ्याच्या गावातून घ्यावं, वेगळं तापवावं आणि पेल्यात घालावं. दुधाची पावडर थेट कॉफीत टाकली की गुठळ्या तरंगतात. आधी कोमट पाण्यात कालवावी. चूल पेटवू नये. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं आणि वणव्याला कॉफीचं निमित्तही पुरतं. छोटा गॅस स्टोव्ह बरा, पण वारा अडवायला पत्रा लावताना तो गॅसच्या डब्याभोवती गुंडाळू नये, डबा तापतो. संरक्षित स्मारकात ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्न शिजवायला नियमाने बंदी आहे. कॉफी हे अन्न आहे का, हा तात्त्विक मुद्दा पहारेकऱ्यापुढे काढू नये, स्टोव्ह गडाखाली मांडावा. पेल्यातला शेवटचा घोट प्यायचा नाही, त्यात गाळ असतो. चोथा टाक्यात झटकायचा नाही, पुडीच्याच पिशवीत भरून घरी न्यायचा. आणि टोप रात्री खिचडीचा होता, तर तो कॉफीच्या आधी घासलेला असायला हवा, नाहीतर चार मिनिटं शांत बसून जे मिळेल त्याला फोडणीचा वास येईल. कॉफीनंतर तो कुणी घासायचा यावर दोन मतं आहेत. एका मतानुसार ज्याने कॉफीचा हट्ट धरला त्याने. दुसऱ्या मतानुसार, ज्याने हा लेख वाचून दाखवला त्याने.