खेळाच्या दुकानाला आधार देण्याची पद्धत

(पाकिटाला हात न लावता)

साहित्य : खेळाचं एक दुकान, शक्यतो तीस वर्षांहून जुनं. दहा बाय बाराचा गाळा, वर माळा, माळ्यावर उभे लावलेले कॅरम बोर्ड, दारात जाळीत लोंबकळणारे फुटबॉल आणि काउंटरच्या काचेखाली पिवळा पडलेला कुठल्यातरी शाळेच्या खो-खो संघाचा फोटो. याशिवाय एक काका. काकांना बोलायची हौस असावी, कारण पुढची सगळी कृती तिच्यावरच उभी आहे. आमच्या डोंबिवलीत स्टेशनजवळ असे एक काका आहेत आणि मी त्यांना गेली वीस वर्षं निष्ठेने आधार देतो आहे. तेव्हा या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, असं नम्रपणे नमूद करतो.

पहिली पायरी : हळहळणे

ही कुठेही करता येते. लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय संपल्यावर. ‘‘आता ती जुनी दुकानं राहिली नाहीत हो,’’ या वाक्याने सुरुवात करावी. मग लहानपणी वडिलांचं बोट धरून धोबीतलावला बॅट घ्यायला गेल्याची आठवण काढावी. मेट्रो सिनेमाजवळची ती दुकानांची रांग, नव्या बॅटला येणारा जवसाच्या तेलाचा वास, ‘‘सहा नंबर मोठी होईल, पाच द्या’’ म्हणणारे वडील. आठवण खरी असल्यास उत्तम, नसल्यास शेजाऱ्याची वापरावी. या पायरीला खर्च शून्य आहे आणि दुकानदाराला तिचा नेमका तेवढाच लाभ होतो.

दुसरी पायरी : सल्ला घेणे

इथे घाई करू नये. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ निवडावी, म्हणजे हल्ली कुठलीही.

मी गेल्या वर्षी मुलीसाठी बॅडमिंटनची रॅकेट ‘घ्यायला’ गेलो. काकांनी आधी रॅकेट दाखवलीच नाही. मुलीचा हात मागितला. पंजा उघडून बघितला, मग एका रॅकेटची मूठ तिच्या हातात देऊन बोटं आणि तळव्याच्या मध्ये स्वतःची करंगळी घालून पाहिली. ‘‘जी फोर जाड होते तिला. जी फाइव्ह घे.’’ कोर्टवर खेळते की बिल्डिंगखाली? क्लासचे सर कोण? आठवड्यातून किती दिवस? मग, ‘‘डोकं जड असलेली रॅकेट नको देऊ एवढ्यात. आणि गटिंग एकवीस-बावीस पौंडाचं पुरे. चोवीस करून आण, असं मुलं एकमेकांना सांगतात. खांदा कोणाचा जातो?’’

पुढे शटल. नायलॉनच्या डब्यावर हिरवं टोपण म्हणजे मंद, निळं मध्यम, लाल वेगवान. उन्हाळ्यात हवा पातळ होते, शटल लांब जातं, म्हणून मे महिन्याच्या शिबिराला हिरवं, हेही काकांनी सांगितलं. मी डोंबिवलीत पन्नास मे महिने काढले आहेत. हवा पातळ होते हे मला पहिल्यांदा कळलं.

विषय निघालाच म्हणून मीरतही झालं. फाळणीनंतर सियालकोटचे बॅट-बॉलचे कारागीर जालंधर आणि मीरतला आले, तिथे पुन्हा धंदा उभा केला आणि म्हणून आजही काकांच्या दुकानातली बरीचशी खोकी त्या दोन गावांहून येतात. ऐकताना मान डोलवावी. मध्येच चहा आल्यास नाही म्हणू नये, अपमान होतो.

साधारण चाळीस मिनिटांनी, काकांनी तीन रॅकेट निवडून काउंटरवर मांडल्या की मोबाइल काढून तिन्हींचे फोटो घ्यावेत आणि पुढील मंत्र उच्चारावा : ‘‘जरा घरी विचारून सांगतो.’’

या मंत्राचा अर्थ काकांना माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. तो कोणीही मोठ्याने सांगायचा नसतो. काका रॅकेट पुन्हा प्लास्टिकच्या पिशव्यांत सारतात, तेवढा वेळ आपण त्या खो-खोच्या फोटोकडे पाहावं.

तिसरी पायरी : डेकॅथलॉनला जाणे

ही खरेदी नसते, सहल असते. म्हणून रविवारी जावं आणि सासूबाईंनाही न्यावं.

या कंपनीचं पहिलं दुकान 1976 साली फ्रान्समध्ये लील शहराजवळ उघडलं. आता ती आपल्याकडे हायवेच्या कडेला एवढ्या मोठ्या जागेत असते की आमच्या काकांचं अख्खं दुकान तिथल्या मोज्यांच्या मांडणीत मावेल. बहुतेक माल त्यांचा स्वतःचा आणि बरीच वर्षं प्रत्येक खेळाला स्वतंत्र नाव होतं : सायकलला बीटविन, पोहायला नबाइजी, फुटबॉलला किपस्टा, डोंगराला केचुआ. केचुआ हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांचं आणि त्यांच्या भाषेचं नाव. हिंदीत गांडुळाला केंचुआ म्हणतात. शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलमध्ये चढून बघा, कळसूबाईला निघालेल्या प्रत्येक पाठीवर हे गांडूळ सापडेल. दहा लिटरची तीच सॅक, फक्त रंग वेगळे. पूर्वी याच लोकलमध्ये सगळ्यांच्या पायात ॲक्शनचे ट्रेकिंग शूज असायचे, म्हणजे एकसारखं दिसण्याची आपली परंपरा जुनीच आहे.

आत गेल्यावर क्रम असा ठेवावा. प्रथम मुलांना सायकलवर बसवून रॅकमधून फिरवून आणावं. सासूबाईंनी टेबल टेनिसच्या टेबलापाशी उभं राहावं. आपण दोन सेकंदांत उघडणाऱ्या तंबूसमोर थांबावं आणि तो उघडायला दोन सेकंद लागत असले तरी परत गोल पिशवीत घालायला एक रविवार लागतो, हे ज्याने अनुभवलं आहे अशा मित्राला फोन करावा. तंबू घ्यायचा नसतो. तो पाहायचा असतो.

मग रॅकेट. इथे माझी पंचाईत झाली. फोटोतल्या तीन रॅकेटपैकी एकही तिथे नव्हती, कारण तिथे रॅकेटही त्यांचीच, परफ्लाय नावाची. काकांकडून फुकट आणलेला सल्ला खिशात होता, पण या कुलपाला ती किल्ली लागेना. शेवटी तिथल्या मुलाला म्हटलं, मूठ बारीक दाखवा, डोकं हलकं दाखवा. मुलगा भला होता. त्याने चार रॅकेट आणून दिल्या आणि मी मुलीच्या पंजात स्वतःची करंगळी घालून पाहिली. मुलगा आदराने म्हणाला, ‘‘सर, तुम्ही खेळता वाटतं?’’

मी नाही म्हणालो नाही.

बिलाच्या जागी टोपली एका पेटीत ठेवली की आतल्या वस्तू आपोआप मोजल्या जातात. हा चमत्कार पाहताना लक्षात आलं की एका रॅकेटसाठी आलेला मी मोज्यांचे तीन जोड, कपाळावर लावायची विजेरी, झटकन सुकणारा टॉवेल आणि योगाची चटई घेऊन उभा आहे. काकांच्या दुकानात मी चाळीस मिनिटांत एका रुपयाला फसलो नव्हतो.

इथे मार्गदर्शकाला घटकाभर खरं बोलावं लागतं. माझ्या बायकोने मोठ्या दुकानाबद्दल कधीच हळहळ व्यक्त केलेली नाही. पोहण्याचा पोशाख घ्यायला ती एकदा आमच्याच भागातल्या एका जुन्या दुकानात गेली होती. काउंटरवर तीन पुरुष, बाजूला क्रिकेटचे पॅड बघणारी चार पोरं, आणि मालक मोठ्याने विचारतो, ‘‘साइझ?’’ घालून बघायला जागा नाही, बदलून देणार नाही अशी पाटी. मोठ्या दुकानात ती पाच पोशाख घेऊन आत गेली, दार लावलं, चार परत टांगले आणि कोणी वर मान करून पाहिलंही नाही. त्या मोकळेपणाची किंमत माझ्या जवसाच्या तेलाच्या वासातून वजा करावी लागेल, हे मला कळतं. शिवाय हळहळीच्या भरात आपण विसरतो की जुन्या दुकानांतून नकली शिक्क्याचे बॉलही आपण भरपूर आणले आहेत. असो. पुस्तिकेकडे परत.

चौथी पायरी : गटिंग

रॅकेट कुठूनही घ्या, गट कधीतरी तुटतं. हायवेवर पाऊण तास जायचं की स्टेशनजवळ पाच मिनिटं चालायचं? आता काकांना आधार द्यायची खरी वेळ आली.

रॅकेट पिशवीतून काढताना तिच्यावरचं नाव आपल्या बाजूला वळवावं. उपयोग होत नाही, पण शिष्टाचार आहे. काकांनी उलटवून नाव वाचलं आणि इतकंच म्हणाले, ‘‘मूठ बरोबर घेतलीस.’’

मग काम. रॅकेट यंत्रावर आडवी बसवली. जुनं गट कात्रीने मधोमध कापलं आणि मधूनच बाहेरच्या बाजूला कापत गेले. कडेपासून कापलं तर चौकट वाकते म्हणे. भोकांतल्या प्लास्टिकच्या दोन नळ्या चेपल्या होत्या, त्या डब्यातून शोधून बदलल्या. नवी तार दहा मीटर मोजली. आधी उभे दोर, मग आडवे, एक वर एक खाली, बाज विणतात तसे. प्रत्येक दोर ओढला की काका अंगठ्याने तो सरळ करत आणि नखाने टिचकी मारून आवाज ऐकत. यंत्रावर पौंड दिसत होते, तरीही ऐकत. दोन-तीनदा परत ओढला. अर्धा तास गेला. त्या वेळात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. त्याला शिट्टी हवी होती.

पाचवी पायरी : देणगी मागणे

सोसायटीची अंडरआर्म स्पर्धा असली की ढाली आणि मेडलं काकांकडून घ्यावीत, पैसे गणपतीनंतर द्यावेत आणि ‘‘मॅन ऑफ द मॅच तुमच्यातर्फे टाका ना, बॅनरवर नाव घालतो,’’ असं सुचवावं. बॅनरवर जागा न उरल्यास दिलगिरी व्यक्त करावी.

सहावी आणि शेवटची पायरी : श्रद्धांजली

दुकान बंद झाल्यावर धावपळ नको म्हणून मजकूर आधी तयार ठेवावा. मी ठेवला होता. गेल्या महिन्यात सलग तीन दिवस काकांचं शटर खाली दिसलं. तिसऱ्या दिवशी रात्री मला राहवलं नाही. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ‘एक पर्व मिटलं’ हा साडेचारशे शब्दांचा लेख टाकला. धोबीतलाव, जवसाचं तेल, करंगळी, सगळं आलं. एकशे बारा हात जोडलेले आले. दोघांनी लिहिलं की डोळे पाणावले. त्यातला एक मला त्याच रविवारी तंबूसमोर भेटला होता.

चौथ्या दिवशी शटर वर होतं. पुतणीचं लग्न होतं कोल्हापूरला. काका काउंटरमागे बसले होते आणि चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल वाचत होते.

‘‘कोणीतरी पाठवलंय,’’ ते म्हणाले. ‘‘चांगलं लिहिलंयस रे. धोबीतलावचं तर फारच.’’

मी खो-खोच्या फोटोकडे पाहिलं.

काकांनी खाली वाकून खणातून वही काढली, दोन पानं उलटली आणि बोट ठेवलं. ‘‘गटिंगचे साडेतीनशे राहिलेत तुझे. आणि ढालींचे वेगळे.’’