तव्याला हात न लावता आहारतज्ज्ञ व्हा

सोलापुरात राहायचं आणि जेवणाबद्दल मत नाही, असं चालत नाही. रिक्षावाल्यापासून रिटायर्ड हेडमास्तरांपर्यंत प्रत्येकाकडे भाकरीबद्दल, तेलाबद्दल आणि 'आजकालच्या पोरीं'बद्दल ठाम मत तयार असतं. तुम्ही अजून नवखे आहात, चारचौघांत गप्प बसता, हे आम्हाला कळतं. वाईट वाटून घेऊ नका. खालच्या पायऱ्या क्रमाने चढलात, तर आठवडाभरात गल्लीतले लोक "काका, शुगरला काय खावं?" असं विचारत तुमच्या दारात येतील.

साहित्य: प्लास्टिकची एक खुर्ची, दात कोरायची काडी आणि मोबाइलमध्ये मेथीदाण्यांचे गुण सांगणारे चार-दोन मेसेज. परात, तवा, उलथनं, पीठ यांतलं काहीही लागत नाही. महिलांनाही प्रवेश आहे, मात्र त्यांनी भाकऱ्या उरकून यावं.

१. आधी जागा पकडा

सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी फेरी मारा. फेरी पूर्ण झालीच पाहिजे असं नाही. बूट लोकांना दिसले म्हणजे पुरे. मग चहाच्या गाड्यावर बसा आणि गरम भजी मागवा. आरोग्यावरचं व्याख्यान भज्यांच्या बशीसमोरच रंगतं, उपाशीपोटी आवाज लागत नाही. पहिला घास तोंडात असतानाच म्हणा, "बाहेरचं खाणं म्हणजे विष आहे बे." दुसरी बशी येईपर्यंत पामतेलावर बोला.

आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा चालतात. "तेल जरा कमी घालायला पाहिजे होतं" हे वाक्य चारही भाषांत पाठ करून ठेवा. लग्नकार्यात कुठल्याही पंगतीला बसलात तरी अडायला नको.

२. भूतकाळ निवडून घ्या

तज्ज्ञाला आजी लागते. ती नव्वद वर्षं जगलेली, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवणारी आणि आयुष्यात फक्त ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ताक यांवर वाढलेली असावी. आजीला किती भावंडं होती आणि त्यांतली किती पाळण्यातच गेली, याचा हिशेब काढू नका. जी जगली तिचंच वय सांगायचं.

"आमच्या वेळी सगळं सकस होतं," असं म्हणताना सालांची काळजी घ्या. १९७२ हे साल चुकूनही तोंडातून जाता कामा नये. त्या दुष्काळात याच जिल्ह्यातले लोक खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर गेले, तिथे सुकडी खाल्ली आणि रेशनवर परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या कशाबशा गिळल्या. हा तपशील व्याख्यानाची चव घालवतो. फार तर "तेव्हाची माणसं काटक होती" एवढं म्हणा आणि चहा मागवा.

३. भाकरीची परीक्षा घ्या

हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे. भाकरी करता येणं आणि भाकरीतलं कळणं हे दोन वेगळे विषय आहेत. आपला विषय दुसरा.

तरी जुजबी माहिती असावी. पीठ शिळं असेल तर त्याची विरी जाते, मग उकळतं पाणी घालून मळावं लागतं. एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या टाचेने रगडायचा, परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं आणि बोटं कडेकडेने फिरवत थापायचा. मग भाकरी दोन्ही तळव्यांवर अलगद तोलून तव्यावर टाकायची. पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा. उशीर झाला की भेगा. पाणी सुकता सुकता उलटायची, खालची बाजू भाजली की तवा सारून थेट विस्तवावर धरायची, म्हणजे टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. मग दुसरी. कणकेसारखं एकदाच तिंबून झाकून ठेवता येत नाही. प्रत्येक भाकरीला पुन्हा मळण्यापासून सुरुवात. पाच माणसांच्या घरात हे दहा वेळा, तेही दोन्ही वेळेला, आणि मे महिन्यात बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर असताना गॅसच्या समोर उभं राहून.

एवढी माहिती मिळाली की ती विसरा. पंख्याखाली बसा. भाकरी ताटात पडली की पापुद्रा दोन बोटांनी उचलून उजेडाकडे धरा, भुवई किंचित वर करा आणि म्हणा, "आज जरा जाड झालीय." पातळ झाली असेल तर "कडक झालीय." निर्दोष असेल तर "आईच्या हातची वेगळीच होती." या तीन वाक्यांबाहेर चौथी भाकरी अजून जन्माला यायची आहे.

शेवटची भाकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला गार आणि एकटीने खायची येते. त्यात लक्ष घालू नका, तोवर तुम्ही बडीशेप खात असता.

४. 'घरगुती'चा आग्रह धरा

एखाद्या दिवशी घरातून "आज हात दुखतायत" असं उत्तर येईल. घाबरू नका, सोलापूर तुमच्या पाठीशी आहे. इथे कडक भाकरी मिळते: पापडासारखी पातळ, कोरडी, पुष्कळ दिवस टिकणारी. गावातल्या आणि आसपासच्या बाया ती घरोघर थापतात, बचत गट ती पुडक्यांत बांधतात आणि ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाऊन बसते. शेंगा चटणीचंही तसंच. शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ उखळात घालून दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं.

इथे तज्ज्ञाने लक्षात ठेवायचा नियम असा: घरगुती म्हणजे कुणाच्या तरी घरी केलेलं. ते घर आपलंच असायला हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. पाकीट हातात घेऊन आधी "उखळातली आहे ना? मिक्सरची नको," असं दटावा आणि नंतर पाकिटामागे दहा रुपये कमी करायला लावा. तुमच्या घरातलं उखळ सध्या तुळशीपाशी कुंडीला टेकू म्हणून वापरलं जातं, ही घरातली बाब आहे.

५. ज्वारीवर अभिमानाने बोला

ही पायरी सोपी आहे, कारण अभिमानाला इथे खरंच जागा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दूरदूर पेरलं जाणारं मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं. रब्बीत काळ्या मातीच्या ओलीवर, दवावर आणि शेतकऱ्याच्या नशिबावर येणारं हे पीक. त्यात भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं आणि ज्या भाकरीला शहरातले पाहुणे नाक मुरडायचे, ती थेट मॉलमध्ये जाऊन बसली.

आता सल्ला. पुण्याच्या भाच्याला फोन करून ज्वारीची बिस्किटं मागवा. पुडक्यावर कणसाचं चित्र मोठं असतं, घटक पदार्थांची यादी बारीक असते. यादी वाचायला चष्मा लागतो, म्हणून वाचू नका. मैदा आणि साखर या गोष्टी न वाचल्या तर बाधत नाहीत.

शेतकऱ्याला भेटलात तर "आता तुमची चांदी आहे," असं म्हणून निघा. थांबलात तर तो काढणीला मजूर मिळत नाही, कणसं पाखरं खातात, म्हणून ऊस लावला असं काहीतरी सांगत बसेल.

६. गरिबांना मोफत मार्गदर्शन करा

तज्ज्ञाची खरी कसोटी इथे लागते. विडी कामगारांच्या वस्तीत जा. उंबऱ्याशी बाई बसलेली असेल, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. तुमच्याकडे बघेल, पण बोटं थांबणार नाहीत, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि मोजून घेताना काही वाईट म्हणून बाजूला काढल्या जातात. तिला प्रेमाने सांगा, "ताई, रक्त कमी दिसतंय. रोज एक डाळिंब खात जा."

सल्ला शास्त्रोक्त वाटतो आणि जिल्ह्याचा मानही राखतो. सोलापूरच्या डाळिंबाला मानांकन आहे, केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. उत्तम भगवा जातीचं डाळिंब खोक्यांत भरून आखाती देशांत आणि युरोपात जातं. उललेली, डाग पडलेली फळं मंडईत उरतात. ताई विचारतील, "किलोला किती पडतं, भाऊ?" उत्तर देऊ नका. विषय पालेभाजीवर न्या.

मग म्हणा, "निदान गहू-तांदूळ सोडा आणि भाकरी खा." इथे एक धोका आहे, सावध राहा. अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिना पाच किलो धान्य आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. २०१३ च्या मूळ कायद्यात भरडधान्याचा दरही होता, एक रुपया किलो. पिशवीत मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच येत राहिला. ज्वारी विकत घ्यायची तर हमीभावच बघा: २०२४-२५ मध्ये मालदांडी क्विंटलला ३,४२१ रुपये, त्या हंगामाचा गहू २,४२५. दुकानातला भाव त्याच्याही वर. म्हणजे जे फुकट मिळतं ते खाऊ नका, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या गरिबाचं अन्न होतं ते विकत आणा, असा आपल्या सल्ल्याचा अर्थ होतो. तो मोठ्याने उलगडून सांगू नका. "जागृती कमी आहे," एवढं पुटपुटून वस्तीबाहेर पडा.

७. स्वस्त थाळीवर कडक मत ठेवा

२६ जानेवारी २०२० पासून राज्यात शिवभोजन थाळी निघाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. केंद्राबाहेर हमालाने, दुकानातल्या सुट्टी न मिळणाऱ्या पोराने रांग लावलेली दिसली, तर थांबा आणि म्हणा, "अशाने लोकांना फुकटची सवय लागते." हे वाक्य मटणाची थाळी खाऊन बाहेर पडताना जास्त शोभतं.

इतिहासाची आवड असेल तर १९९५ नंतरच्या एक रुपयाच्या झुणका-भाकरीची आठवण काढा. ती केंद्रं गेली, आणि पुढच्या थाळीत भाकरीच्या जागी चपाती आली. का आली, ते तिसरी पायरी वाचलेल्यांना सांगायला नको.

शाळेतल्या मुलांच्या पोषणावर तर बोलाच. "पोरांना प्रोटीन कमी पडतं," असं गंभीरपणे म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना कळवलं. या लोकसहभागातले लोक म्हणजे आपण, असा कुणी समज करून दिला, तर घड्याळात बघा आणि बँकेचं काम आठवा.

८. पथ्य पाळा, सोयीने

सोमवार ते शनिवार डॉक्टरचं ऐका, रविवारी सुक्या मटणाचं. तर्री तेलात मोजत नाहीत, ती मसाल्यात धरायची. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते, तिला डॉक्टरही जातात. थंडीत शेतावर हुरडा पार्टी असते. माणशी पैसे भरून कोवळी ज्वारी, गूळ, दही, शेंगा चटणी पोट फुटेस्तोवर खायची आणि "हे खरं आरोग्य" असं म्हणत फोटो काढायचे. आगटीपाशी धुरात बसून कणसं भाजणारा आणि तळहातावर चोळून दाणे काढणारा गडी फोटोत येऊ देऊ नका, त्याचा हात काळा असतो.

९. अपात्रतेची कारणं

एवढं केलंत की तुम्ही आहारतज्ज्ञ झालात. ही पदवी आयुष्यभर टिकते, पण खालीलपैकी एक जरी आगळीक घडली तर ती तात्काळ रद्द होते, याची नोंद घ्यावी.

रोजच्या भाकऱ्यांपैकी निम्म्या स्वतः थापणं. पहिली तुटेल, दुसरी जळेल, आणि तिसऱ्यापासून "जरा जाड झालीय" हे वाक्य घशातच अडकेल.

रेशन दुकानात उभं राहून "ज्वारी का नाही?" असं विचारणं, आणि उत्तर मिळालं नाही तर तेच तहसील कचेरीत लिहून देणं.

जवळच्या शाळेत महिन्याला चार डझन अंडी पोचवणं आणि त्याचा फोटो न टाकणं.

कडक भाकरीवालीला सांगेल तो भाव देणं.

असल्या माणसांपासून दूर राहा. त्यांचं मत चौकात कुणी विचारत नाही, कारण ते सहसा चौकात सापडतच नाहीत.