बर्मा टीक

कुणाच्याही घरी गेलो की पाणी येईपर्यंत मी जवळच्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करतो. यजमान विचारतात, "काय बघताय?" मी याचीच वाट बघत असतो. "काही नाही, प्लाय आहे ना?" हे विचारताना आवाजात नापसंती न येता फक्त सहानुभूती कशी आणायची, ते मला सरावाने जमलं आहे. मग यजमान प्लाय मरीन असल्याचं सांगतात, लॅमिनेटचा भाव सांगतात, सुताराने कसं फसवलं ते सांगतात. त्यांचं सगळं सांगून झालं की मी हळूच आमची आरामखुर्ची काढतो. "आमच्याकडे एक आहे. आजोबांची. बर्मा टीक."

महाराष्ट्रात जुनं लाकूड एकाच जातीचं असतं. पलंग असो, झोपाळा असो, वाड्याची तुळई असो, मालक सांगतो, बर्मा टीक. सागवान चांद्याला होतं, मेळघाटात होतं, डांगच्या जंगलात होतं, पण "आमचा पलंग चांद्याचा" असं छाती फुगवून सांगणारा माणूस अजून भेटायचाय. आपण सांगतो तेवढं लाकूड खरोखर ब्रह्मदेशातून आलं असतं, तर तिथे काडेपेटीपुरतंही झाड उरलं नसतं.

तर आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आणि बायकोने वहीत तीन रकाने आखले. ठेवायचं, दुसऱ्या कामाला लावायचं, विकायचं. 'कुणी फुकट नेईल का' असा चौथा रकाना सुरुवातीलाच आखला असता तर वेळ वाचला असता.

गोदरेजच्या कपाटावर चर्चाच झाली नाही. 1923 पासून ही कपाटं बनताहेत आणि लग्नात आलेलं कपाट टाकून दिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. शिवाय आतल्या लॉकरमध्ये बायकोचे दागिने आणि माझं मॅट्रिकचं गुणपत्रक अशा दोन मौल्यवान गोष्टी आहेत. गाद्यांवर गाद्या पोटात घेऊन बसलेला बॉक्सचा दिवाण वॉचमनने नेला. शोकेस भंगारवाल्याला दाखवली. त्याने काच वेगळी, लाकूड वेगळं असा बारकाईने हिशोब केला आणि दोन्हींचे पैसे देत नाही असं सांगितलं. राहिली खुर्ची.

ही खुर्ची म्हणजे उतरती वेताची पाठ, लांबलचक हात आणि हातांच्या खालून फिरवून पुढे काढायच्या दोन फळ्या. त्या फळ्यांवर एकेक पाय टाकायचा आणि जगाकडे बघायचं. फळ्या काढल्या की खुर्ची 12 चौरस फूट जागा घेते. हे मोजमाप बायकोचं. ती बँकेत होती. "आपल्याकडे आता 20,000 चा दर चाललाय," ती म्हणाली, "म्हणजे ही खुर्ची 2 लाख 40 हजारांच्या जागेत पाय पसरून बसणार."

"अगं, वारसा असा चौरस फुटात मोजत नाहीत."

"बिल्डर मोजतो."

मग मला खुर्चीचं घराणं काढावं लागलं. आजोबा सांगायचे, रत्नागिरीला सेकंडहँड घेतली. वडील सांगायचे, रत्नागिरीच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातली. मी सांगतो, थिबा राजाच्या महालातली. प्रत्येक पिढीने वडिलार्जितात थोडी भर घालावी असं म्हणतात, ती आम्ही घातली.

आता थिबा राजाची हकिकत. घरातले लोक इथे उठून आत जातात. वाचकालाही पुढच्या परिच्छेदांवरून उडी मारायची मोकळीक आहे.

ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या तोडीचा मक्ता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या 1863 साली निघालेल्या इंग्रजी कंपनीकडे होता. कंपनी ओंडके नेते जास्त आणि मोजून दाखवते कमी, असं मंडालेच्या दरबाराचं म्हणणं पडलं, आणि 1885 साली दरबाराने कंपनीला 23 लाख रुपये दंड ठोकला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरात त्यांच्या बोटी इरावतीतून वर निघाल्या आणि महिना संपायच्या आत राज्य संपलं. सव्वीस वर्षांचा राजा, राणी सुपयालत, लेकरंबाळं, सगळ्यांना मद्रासला आणि तिथून 1886 च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. महाल बांधून व्हायला 1910 उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही घरखर्च भागेना म्हणून बरोबर आणलेली रत्नं राजाने विकली. माणकांच्या खाणी असलेल्या देशाचा राजा, कोकणातल्या गावात एकेक खडा काढून विकतोय! ओंडक्यांच्या मोजणीवरून सिंहासन गेलेला दुसरा राजा मला ठाऊक नाही. 1916 साली तो रत्नागिरीतच गेला.

आणि गंमत पुढेच आहे. 1908 साली इंग्रजांनी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि नेऊन ठेवलं कुठे, तर मंडालेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत. दिवाळीच्या साफसफाईला माजघरातला पलंग पडवीत आणि पडवीतलं कपाट माजघरात ढकलावं तशी या लोकांनी माणसं हलवली. मंडालेच्या तुरुंगातली टिळकांची खोली लाकडी होती. कुठल्या लाकडाची, ते मी सांगायला नको.

एवढं ऐकल्यावर राजाचा आणि खुर्चीचा संबंध ऐकणारा आपणच जोडतो. मी फक्त नाही म्हणत नाही.

नाही म्हणाला तो आमचा मुलगा. "बाबा, राजा 1916 ला गेला. राणी 1919 ला ब्रह्मदेशात परत गेली. पणजोबांचा जन्म 1907 चा. मग ही खुर्ची त्यांनी मराठी शाळेत असताना घेतली का?"

"सरकारी लिलाव वेळेवर होतात असं तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो. इंजिनिअरिंगला इतिहास शिकवत नाहीत, त्याचे हे परिणाम.

मुलाने तरी पण इंटरनेटवर जाहिरात टाकून दिली. मजकूर माझा होता आणि त्यात मंडाले, रत्नागिरी, 1885 सगळं होतं. पहिला निरोप आला, "लास्ट किती?" फर्स्ट सांगायच्या आधी लास्ट विचारणाऱ्याशी काय बोलणार? जोगेश्वरीहून, जुन्या फर्निचरच्या बाजारातून एक गृहस्थ आले. त्यांनी खुर्ची उलटी केली, खालून बघितली, पुन्हा सुलटी केली. मी राजापर्यंत पोचायच्या आत म्हणाले, "हात कापून टाकू, वर काच बसवू, झकास सेंटर टेबल होईल." त्यांना मी चहा विचारला नाही. मग घोडबंदरहून एका मालिकेच्या सेटवाल्यांचा फोन आला. जुना वाडा उभारतोय, खुर्ची भाड्याने हवी. मी हरखलो. खुर्चीत कोण बसणार? नायकाचे आजोबा? एखादे दिवाणसाहेब? तो म्हणाला, "बसणार कुणी नाही सर. वाड्याला आग लागते ना, तेव्हा जळताना दाखवायचीय. थोडीच जळेल."

हसतो मी, पण मनातून चिडलेलो आहे, आणि तेही परक्यांवर नाही. माझ्या मेहुणीने आईचं शिवणयंत्र वजनावर दिलं. तिच्या आईने त्या यंत्रावर आळीतल्या बायकांच्या पोलक्यांची शिलाई घेऊन दोघी मुलींची कॉलेजं केली. आता मेहुणी आम्हाला ज्या हॉटेलात कॉफीला नेते, तिथे तशाच यंत्राच्या लोखंडी बैठकीवर संगमरवर टाकून टेबलं केली आहेत. टेबलाखाली ती पायाने पायटा हलवते आणि म्हणते, "किती छान वाटतं ना?" जुनं आपल्याला आवडतं, फक्त ते दुसऱ्याच्या आजीचं असावं लागतं. हे मी तिथे बोललो नाही, कारण कॉफीचे पैसे ती देत होती.

विकायचं रद्द झालं. दुसऱ्या कामाला लावायच्या सूचनाही (कुंड्यांचा स्टँड, मांजरासाठी बिछाना; मांजर आमच्याकडे नाही) मी फेटाळल्या. ठेवायचीच तर वेत नवा हवा म्हणून कारागीर बोलावला. त्याने वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घातल्या, जुनी वीण सुरीने कापून काढली आणि चौकटीची भोकं एकेक करून सुईने मोकळी केली. आधी उभे पदर, मग आडवे, मग तिरके, आणि हळूहळू मधे ती ओळखीची नक्षी उमटायला लागली. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो होतो. मधेच त्याने भोकातून निघालेला लाकडाचा भुसा चिमटीत धरला, उजेडात बघितला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "काका, हे लाकूड..."

"चहा घेणार ना?" मी उठलोच.

चहा घेऊन आलो तर बायको खुर्चीवर वाकली होती. "हे सांध्यांपाशी पॉलिश पांढरं कशाने पडलंय हो?"

ते मला माहीत होतं. ढेकूण. दर वैशाखात आजी ही खुर्ची ओढत अंगणात न्यायची, पितळी तपेलीतलं उकळतं पाणी सांध्यासांध्यात ओतायची आणि बाहेर येणारे ढेकूण काडीने टिपायची. आजोबा तोवर ओटीवर येरझारा घालत. "झालं का?" विचारत.

"मग आजी बसायच्या का कधी हिच्यात?" बायकोने विचारलं.

मी आठवून पाहिलं. घरात लाकडी खुर्च्या सहा होत्या. एकीतही आजी बसलेली आठवेना. आजी आठवली ती चुलीपुढे पाटावर, नाहीतर माजघराच्या दाराला टेकून. वीण पुरी झाल्यावर बायको साडी सावरत खुर्चीत बसली. पाठ एवढी उतरती, की धड बसताही येईना आणि निजताही येईना. पाय टाकायच्या फळ्यांकडे तिने नुसतं पाहिलं. लुगडं नेसलेल्या बाईने एक पाय या फळीवर आणि एक त्या फळीवर टाकायचा, हे खुर्ची बनवणाऱ्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. इतकी वर्षं लाकडावर टकटक करणाऱ्या मला तरी ते कुठे दिसलं होतं!

"आणि त्यांचा पाट कुठे आहे?" ती म्हणाली.

पाट न्हाणीघरात होता, पाण्याच्या पिंपाखाली. पितळी फुलांपैकी दोन शिल्लक, एक कड कुजलेली. तीन रकान्यांपैकी कुठल्याच रकान्यात तो नव्हता. दुसऱ्या कामाला तो कधीच लागला होता आणि त्यासाठी घरात कुणाची बैठक भरली नव्हती. बायकोने पिंप सरकवलं, पाट धुऊन गॅलरीत उभा केला आणि मला म्हणाली, "ह्याच्यावर टकटक नका करू."

दुसऱ्या दिवशी सामान हलवणाऱ्यांचा माणूस आला. त्याने यादी केली. गोदरेज एक, फ्रिज एक, वॉशिंग मशीन एक. खुर्चीपाशी थांबून लिहिलं, 'लंबा कुर्सी पुराना, 1.' मी त्याला थोडक्यात मंडालेपासून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पेन कागदावर टेकवून विचारलं, "व्हॅल्यू कितना लिखूँ, सर? इन्शुरन्स उसी पे लगेगा. तीन परसेंट."

मी मनातल्या मनात 2 लाख 40 हजारांचे तीन टक्के काढले. 7,200.

"जुनी आहे हो," मी म्हणालो. "दोन हजार लिहा."

"और ये पाटला?"

"तो नाही द्यायचा तुमच्याकडे," बायको आतून म्हणाली. "तो रिक्षातून माझ्याबरोबर येईल."