चार खांब आणि एक ‘मुंबई’

बंगला बांधून झाला की माणसाला बागेत आणखी एक छप्पर हवंसं वाटतं. घरात व्हरांडा असतो, गच्ची असते, पण ‘निसर्गात बसायला’ गझिबो लागतोच. मुळशीतल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी तो ग्राफपेपरवर काढलासुद्धा: बांबूचा, अष्टकोनी, वर सपाट छप्पर, आणि कागदाच्या तळाशी त्यावर कौलं चढवायची सूचना.

मिस्त्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“साहेब, तोंड पश्चिमेला?”

“सूर्यास्त दिसतो ना!”

“पावसाळ्यात पाऊसही तिकडनंच येतो.”

मग साहेबांची शिकवणी सुरू झाली. कौलांना निदान ३० अंशांचा उतार हवा, नाहीतर वाऱ्याच्या झोतानं पाणी सांध्यातून उलटं आत शिरतं. वळचण खांबांच्या पुढे अडीच-तीन फूट हवी. बांबू कोवळा चालत नाही, तीन वर्षांवरचा लागतो. तोही बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला, कारण बांबूतल्या पिष्टावर भुंगे टपलेले असतात आणि त्यांनी पोखरून काढलेली भुकटी नेमकी चहात पडते. खांब मातीत पुरायचे नाहीत, दगडाच्या बैठकीवर उभे करायचे. शेवटी अष्टकोनाचा चौकोन झाला. साहेबांचं म्हणून उरलं फक्त पश्चिमेचं तोंड, आणि पावसाळ्यासाठी त्यावरही ताडपत्री.

गझिबो झाला आणि शनिवार-रविवारचे पाहुणे सुरू झाले.

यावर थोरामोठ्यांनी उपाय शोधलेले आहेत. अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी आपल्या काचेच्या घराजवळच्या तळ्यात १९६२ साली मंडप बांधला, तो मुद्दाम छोट्या मापाचा. आत शिरायचं तर उंच पाहुण्याला वाकावंच लागे. नाटककार बर्नार्ड शॉ त्यांच्याही पुढचे. इंग्लंडमधल्या त्यांच्या बागेतली लिहिण्याची खोपी उन्हाकडे फिरवता येई आणि तिचं नाव होतं ‘लंडन’. दारात कोणी टपकलं की घरची माणसं बिनदिक्कत सांगत, शॉ लंडनला गेलेत.

साहेबांनी हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी गझिबोवर पाटी लागली: ‘मुंबई’.

रविवारी गाडी आली. बाईसाहेब फाटकातच म्हणाल्या, “हे मुंबईला गेलेत हो.” फक्त शॉच्या खोपीला भिंती होत्या.

“अगं,” चार खांबांमधून आवाज आला, “चहाचं काय झालं?”