लाइट बंद करा, फोटो काढायचा आहे

नागपूरच्या लग्नपत्रिकेत गोरज मुहूर्त संध्याकाळी 6 वाजून 42 मिनिटांचा छापलेला असतो. ती 42 मिनिटं फक्त छापखान्याला माहीत असतात. त्या घटकेला नवरदेव जगनाडे चौकात घोडीवर असतो, घोडी डीजेच्या गाडीमागे असते आणि गाडीपुढे नवरदेवाचे मित्र "बस भाऊ, एकच गाणं" असं मागच्या कितीतरी गाण्यांपासून म्हणत असतात. वरात लॉनवर पोचून मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत नऊ वाजतात. धूळ उडवत घरी येणाऱ्या गाई तोवर रवंथ आटोपून झोपलेल्या असतात.

सूर्य काही वरातीसाठी थांबत नाही. नागपूर पडलं पुण्याच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे इथं तो पुण्याच्या वीसेक मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात तर साडेपाचच्या पुढेमागे खेळ खलास. म्हणून कमी उजेडात फोटो काढणं ही आमच्या नंदनवनात कलेची खास शाखा वगैरे नाही. तीच मुख्य शाखा. लग्न रात्री, गणपतीपुढचे कार्यक्रम रात्री, गरबा रात्री, कोजागिरी तर रात्रीच. दिवसाउजेडी होते ती फक्त तेरवी, आणि तिथं फोटोग्राफरला कोणी बोलावत नाही.

आमच्या कॉलनीच्या मंडळानं स्वतःचा कॅमेरा घ्यायचा ठराव केला, तेव्हा निवडीची जबाबदारी माझ्यावर आली. मला यातलं कळतं असा कॉलनीत समज आहे. त्याला आधार म्हणजे माझ्याकडे एक जुना ट्रायपॉड आहे आणि मंडळ तो दरवर्षी कर्णा बांधायला नेतं.

बैठकीत मतं भरपूर निघाली. कॉलनीतला एक इंजिनिअरिंगचा पोट्टा मेगापिक्सेलवर अडून बसला. केडीके कॉलेज जवळ असल्यामुळे आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक तरी इंजिनिअरिंगचा पोट्टा असतोच आणि तो आकड्याशिवाय बोलत नाही. सचिवांना झूम हवा होता. म्हणजे खुर्चीवरून न उठता स्टेजवरच्या पाहुण्यांचं पदक वाचता आलं पाहिजे. एका वहिनींचं म्हणणं, मोबाइल असताना हा खर्च कायला? मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो, तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नसतं, हे मी सांगितलं. त्यावर वहिनींनी स्वतःच्या मुलाचा गेल्या वर्षीच्या गरब्यातला फोटो उघडून पाहिला. त्याला चार हात होते. वहिनी गप्प बसल्या. देवीचा प्रसाद म्हणून तो फोटो त्यांनी आजवर जपला होता, असं नंतर कळलं.

सगळ्यात वजनदार मत काकाजींचं. काकाजी म्हणजे कॉलनीतली सर्वांत जुनी संस्था. "आमच्या टायमाले शंभर एएसएचा रोल राहे," ते म्हणाले. "छत्तीस फोटो. अख्खं लगन दोन रोलमधी उरकून जाये. फ्लॅश असा पडे का सामनेवाला आंधळाच होऊन जाये. माह्या लग्नाचा अल्बम पाह्य तू. तुह्या काकीचे एकाही फोटोत डोये उघडे नाहीत."

काकू आतून म्हणाल्या, "उघडले असते तर पाहून हो म्हटलं असतं का?"

काकाजींचा मुद्दा मात्र पक्का होता. शंभरच्या फिल्मवर रात्री फ्लॅशशिवाय गत्यंतर नव्हतं. डिजिटल आलं तरी सुरुवातीची बरीच वर्षं 1600 आयएसओच्या वर गेलं की नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसायचा. 2007 साली निकॉनचा डी3 आला आणि 6400 वरही माणूस माणसासारखा दिसायला लागला. शंभरपासून 6400 म्हणजे सहा वेळा दुप्पट, चौसष्टपट. तो कॅमेरा तेव्हा आपल्या कोणाच्या ऐपतीतला नव्हता; आज साध्या बॉडीलाही ते जमतं. उजेड गोळा करतो तो सेन्सरचा पसारा, मेगापिक्सेलचा आकडा नाही. फुल फ्रेमचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटर, त्याच्या धाकट्या भावाचा साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळात सव्वादोन पटींहून जास्त फरक आणि किमतीत त्याहून मोठा. मंडळाच्या शिल्लक रकमेकडे पाहून आम्ही धाकट्या भावाशी सोयरीक जुळवायचं ठरवलं. वाचलेले पैसे लेन्समध्ये घालायचे, हा माझा हट्ट. रात्रीच्या फोटोत बॉडी नवी का जुनी हे कोणी ओळखत नाही. लेन्स हलकी असली की सगळ्यांना कळतं.

बर्डीवर दुकानात गेलो तेव्हा सोबत कोषाध्यक्ष होते. आयुष्य अकाउंट्समध्ये काढलेला माणूस. दुकानदारानं काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या.

"ही किती?" कोषाध्यक्षांनी विचारलं.

"साडेतीन ते पाच पॉइंट सहा."

"अन् ही?"

"एक पॉइंट आठ."

"मंग आकडा कमी अन् पैसे जास्त काऊन?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाऊ, तो छेद आहे. लेन्सच्या लांबीला या आकड्यानं भागायचं." कोषाध्यक्षांनी खिशातून पेन काढलं आणि दुकानाच्याच पावतीपुस्तकाच्या मागे हिशेब मांडला. लांबी 35 मिलिमीटर; 35 भागिले 1.8, साडेएकोणीस मिलिमीटरचं भोक. तेच 35 भागिले 5.6, सव्वासहा. मग त्यांनी दोन्हींचे वर्ग केले, एकाला दुसऱ्यानं भागलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "जवळजवळ दहापट उजेड," ते म्हणाले, "अन् पैसे दहापट नाही मागून राहिले हे." त्या क्षणापासून ते 1.8 चे कट्टर समर्थक झाले. शेजारी एक बाई मुलासाठी कॅमेरा पाहत होत्या. त्यांनाही त्यांनी छेदाचं महत्त्व समजावून दिलं. दुकानदाराचं एक गिऱ्हाईक त्या दिवशी किट लेन्स न घेता गेलं.

50 एमएम सोडून 35 का, तर आमची गच्ची. धाकट्या सेन्सरवर 50 ची लेन्स पंचाहत्तरच्या घरात जाते. तिनं अख्खं कार्यकारी मंडळ एका फोटोत बसवायचं तर मला मागे मागे सरकावं लागतं, आणि मागे कठडा आहे. कठड्यापलीकडे दोन मजले. 35 वर मी गच्चीतच राहतो.

मग दुकानदारानं इतर सामान मांडायला सुरुवात केली. बॅग, ब्लोअर, स्क्रीनगार्ड. शेवटी एक गोल काच पुढे केली. "यूव्ही फिल्टर. लेन्सचं अतिनील किरणांपासून संरक्षण."

"रात्री नवाले?" कोषाध्यक्ष म्हणाले.

त्यांचा सवाल रास्त होता. शिवाय रात्री ती काच समोरच्या दिव्यांची भुतं फोटोत उतरवते ती वेगळी. ती तिथंच राहिली. घेतली ती जास्तीची बॅटरी, दोन कार्डं आणि मान वळणारा फ्लॅश. स्टॅबिलायझेशनवाली लेन्स का नको, हे मात्र सचिवांना अजून पटलेलं नाही. माझा हात थरथरला तर ते सांभाळेल. समोर नाचणाऱ्या सचिवांना ते कसं सांभाळणार?

फ्लॅशची मान वळायला हवी, कारण उजेड सरळ तोंडावर मारला की काकूंच्या अल्बमची पुनरावृत्ती होते. मान वर करायची, उजेड छतावर आपटवायचा आणि तो मऊ होऊन खाली आला की झाला फोटो. पुस्तकात हे फार छान वाटतं. पण नागपुरात लग्नं होतात लॉनवर, आणि लॉनला छत नसतं. वरचं सगळ्यात जवळचं पांढरं म्हणजे चंद्र, अंतर तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. फ्लॅशचा उजेड तिथं जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात, तोवर मामा फोटोतून निघून पंगतीत बसलेले असतात.

हॉलमध्ये छत असतं, पण त्यावर डेकोरेशनवाल्यानं गुलाबी कापड ताणलेलं असतं. उजेड तिथून गुलाबी होऊनच खाली येतो. त्यात बाजूनं जांभळे पार लाइट. नवरी वांगी, नवरदेव बीट, भटजी दोघांच्या मध्ये सापडलेले. कॅमेऱ्याला पांढरा रंग कुठला ते दाखवायचं तर अख्ख्या मांडवात पांढरं असं काही उरलेलं नसतं. गुरुजींचं उपरणंसुद्धा मोरपंखी दिसतं.

आणि एलईडी. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळे हलक्या दर्जाचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरला दिसतं, कारण ते फोटो वरून खाली ओळीओळीनं वाचतं. गणपतीच्या आरतीत आमच्या अध्यक्षांच्या तोंडावर आडवे पट्टे उमटले ते असेच. ताडोब्याचा परवाना काढून कोणीतरी त्यांना टिपलं असावं, असं वाटत होतं. शटर यांत्रिक केलं, एक शतांशावर आणलं, पट्टे गेले. पण तोवर तो फोटो ग्रुपवर पोचला होता आणि अध्यक्षांना "वाघ" म्हणणारे आणि न म्हणणारे असे कॉलनीत दोन पक्ष पडले होते.

पक्षांवरून आठवलं. 1.8 वर अडीच मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारी जागा असते जेमतेम सव्वा फूट. पुढच्या ओळीतले अध्यक्ष लख्ख, मागच्या ओळीतले सचिव धुक्यात. सचिवांनी हे पुढल्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेतलं. भिंगाचं गणित मी फळ्यावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "गणित आम्हाले नका सांगू, मागच्या निवडणुकीतही असंच गणित होतं."

एवढ्या सगळ्यातून मला एक कळलं. आमच्याकडे अंधार कमी आणि चुकीचा उजेड जास्त. बोर्डाचं बटण ज्याच्या हातात, खरा फोटोग्राफर तो. म्हणून आता कुठल्याही कार्यक्रमाला मी आधी डेकोरेशनवाल्या भाऊला चहा पाजतो आणि स्टेजच्या समोर, जरा उंच, दोन पांढरे हॅलोजन मागून घेतो. बर्डीच्या दुकानात मिळत नाही असं हे एकच साहित्य, आणि त्याची किंमत दोन कटिंग.

पण कोजागिरीला हा चहा चालत नाही. त्या रात्री बटण अध्यक्षांच्या हातात असतं.

गच्चीवर दूध आटत होतं. कोपऱ्यात ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसवली होती. मुली कमी आणि गाणी पाठ असलेल्या आयाच जास्त, खाऊ ओळखायच्या खेळातही आयाच भांडत होत्या. तिथं एक साधा बल्ब होता आणि त्या बल्बखाली काढलेले फोटो माझ्या मते आजवरचे सगळ्यात चांगले. भुलाबाईची ओटी भरणाऱ्या एका आजींचा हात आणि बांगडीवरचा बल्बचा टिपका, बस.

बारा वाजले. अध्यक्षांनी घोषणा केली, "लाइट बंद करा, फोटो काढायचा आहे! चंद्राच्या उजेडात ग्रुप फोटो. दुधात चंद्र आला पाहिजे."

स्टॅनली कुब्रिकनं 'बॅरी लिंडन'साठी मेणबत्तीच्या उजेडात चित्रण केलं, ते नासासाठी बनवलेली 0.7 ची झाइसची लेन्स वापरून. त्याच्याकडे निदान मेणबत्त्या होत्या. पुनवेच्या चांदण्यात 1.8 वर 6400 आयएसओ लावून हिशेब केला तर शटर उघडं ठेवावं लागतं जवळजवळ अर्धा सेकंद. आणि चंद्र स्वतः उन्हात उभा असतो, त्यामुळे तो या सगळ्याच्या लाखपटींनी जास्त झगझगीत. माणसं दिसली तर चंद्र नुसता पांढरा ठिपका, चंद्र दिसला तर अध्यक्षांचा पत्ता नाही. मी हे सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मग मधलं काही करा."

ट्रायपॉड कर्ण्याखालून सोडवून आणला. चाळीसेक माणसं तीन ओळींत. "अर्धा सेकंद कोणी हलू नका" म्हटलं. नंदनवनात अर्धा सेकंद शांत उभं राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. कोणाला डास चावला, कोणी विचारलं "झाला का?", कोणी सांगितलं "नाही अजून", पोट्ट्यांनी मागे शिंगं केली आणि मदत म्हणून एका वहिनींनी मोबाइलचा टॉर्च थेट लेन्सवर धरला. पुन्हा काढला. पुन्हा कोणीतरी शिंकलं.

सकाळी फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. चाळीसपैकी एकोणचाळीस माणसं ओलसर भिंतीवरच्या डागांसारखी. पहिल्या ओळीत खुर्चीवर बसलेले काकाजी मात्र काचेसारखे स्पष्ट, मफलरची वीणसुद्धा मोजता यावी इतके. लक्ष्मी ज्या रात्री कोण जागं आहे म्हणून विचारत फिरते, त्या रात्री काकाजी दुधाचा पेला हातात धरून गाढ झोपलेले होते.

प्रिंट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. "कॅमेरा चांगला घेतला तू," म्हणाले. "फक्त कंपुटरवर डोये उघडता येतात काय पाह्य."

काकूंनी प्रिंट त्यांच्या हातातून काढून घेतली आणि लग्नाच्या अल्बमात घालून टाकली. "काही उघडू नको रे," त्या मला म्हणाल्या, "फिटंफाट झाली."